लालला लाल, काळ्याला काळी

पहिल्या संध्याकाळी आबा जे बोलले, ते मी तिथल्या तिथं मनावर घेतलं असतं तर माझे सात आठवडे वाचले असते. नवा अँप, म्हणजे अँप्लिफायर, आणि नवे स्पीकर लावून मी ऐटीत गादीवर बसलो होतो. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेला यमन चालू होता. आबा दोन मिनिटं दारातच उभे राहिले, मग आत आले, आधी डाव्या स्पीकरच्या डोक्यावर तळहात ठेवला, नंतर उजव्याच्या, आणि म्हणाले, "गवई घरात हाय, पण खोलीत न्हाई."

मला राग आला. एक लाख अठरा हजार घातले होते. शिवाय आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. या वयात कानाला वरचे सूर कमीच लागतात, त्यांना काय कळणार, असं मी मनात म्हणून टाकलं. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती, तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. पण गायक नेमका कुठं बसलाय ते कळत नव्हतं. कधी डाव्या कोपऱ्यात, कधी खिडकीबाहेर, कधी माझ्याच मानेमागं. आणि डग्गा? डग्गा म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटं वाजवतंय.

जुन्या सिस्टिमबद्दल सांगायला हवं. आबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत ओतकामाआधी जो लाकडी नमुना लागतो, तो करायचं काम. लाकूड आणि माप यांत त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. १९९१ साली त्यांनी सागवानी प्लायच्या दोन पेट्या स्वतः केल्या, सांध्यात नख शिरणार नाही अशा. आत खालचे सूर काढणारे आठ इंची वूफर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. अँप एका कारागिराकडून असेंबल करून घेतलेला. त्याच्या तोंडावर एक लाल बटण होतं, खाली लिहिलेलं 'लाऊडनेस'. ते बटण मी जन्मात कधी वर उचललेलं बघितलं नाही. ते दाबलेलंच असायचं. हे बटण पुढं कामाला येणार आहे.

वूफरच्या कडेला फोमची जी गोल पट्टी असते, ती आमच्या दोन पेट्यांत दोनदा बदलून झाली होती. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा मी बोट लावून बघितलं, तर जुन्या गुळासारखी झालेली, चिकट आणि भुसभुशीत. कोल्हापूरचा पाऊस फोमला सोसत नाही. त्यात अँपची एक बाजू मधूनच कुरकुरायला लागली होती. म्हटलं, बास झालं, आता नवीनच घेऊ.

पुण्याला एका दुकानात अर्धा तास ऐकून घेतलं. साडेसहा इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक बऱ्यापैकी अँप. दुकानातल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, जाड पडदे, लठ्ठ सोफा. तिथं डग्ग्याची घुमक थेट पोटात आली होती. तीच पेटी शिवाजी पेठेतल्या आमच्या बारा बाय बाराच्या खोलीत आली आणि पोरकी झाली.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, स्पीकर उघडायला शंभर तास लागतात." मी दोन आठवडे दार लावून दिवसभर आकाशवाणी चालू ठेवली. बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम, भावगीतं, सगळं त्या स्पीकरांनी ऐकलं. शंभर काय, दीडशे तास झाले. काही उघडलं नाही. आता मला वाटतं, त्या शंभर तासांत उघडतो तो बहुतेक माणसाचा कान. तो नव्या आवाजाला सरावतो, आणि तोवर दुकानदाराची माल परत घ्यायची मुदत संपते. माझी संपलीच.

मग वायर. एका जाणकार म्हणवणाऱ्याने सुचवलं की नऊ हजारांची अमुक केबल घ्या, पडदा बाजूला सारल्यासारखं होईल. घरातून विचारणा झाली, "नऊ हजाराची वायर? सोन्याची हाय का तांब्याची?" प्रश्न रास्त होता. मी कागद-पेन घेऊन बसलो. आमची वायर अडीच स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची. अशा तारेचा रोध किलोमीटरला सात ओहमच्या आसपास. माझं अंतर पाच मीटर, जाऊन येऊन दहा, म्हणजे ०.०७ ओहम. स्पीकर सहा ओहमचा. त्यासमोर हा आकडा काहीच नाही. नऊ हजार वाचले, आणि वायरीचा विषय माझ्या डोक्यातून कायमचा बाद झाला. इथंच मी फसलो. वायर जाड आहे म्हणजे वायर बरोबर आहे, असं मी धरून चाललो.

दोन्ही टोकांना मी जातीनं तपासलं होतं, बरं का. अँपच्या मागं लाल खुंटीला लाल तार, काळ्या खुंटीला काळी. स्पीकरच्या मागंही लालला लाल, काळ्याला काळी. मोबाईलचा टॉर्च मारून तीनदा बघितलं. फेज उलटा झाला, म्हणजे एकाच स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या, की आवाज पोकळ होतो हे मला वाचून माहीत होतं. म्हणून पहिल्याच दिवशी ते तपासून, यादीत त्याच्यापुढं बरोबरची खूण करून मी मोकळा झालो.

पुढचे तीन आठवडे किरकोळ गोष्टींत गेले. त्यांतल्या काही खऱ्या निघाल्या. मोबाईलवर ॲपमध्ये जुन्या पेट्यांसाठी मीच कधीतरी इक्वलायझर लावून ठेवला होता, तो काढला. गाण्याची क्वालिटी 'डेटा सेव्हर'वर होती, ती वाढवली. केबल टीव्हीची वायर अँपजवळच्या सेट-टॉप बॉक्सला लागली की बारीक घुंऽऽ यायचं, ती काढली की जायचं. ती काढूनच ठेवली. आणि स्पीकरच्या मागं जे गोल भोक असतं, त्यात कुणीतरी फडकं कोंबलेलं सापडलं. चौकशीअंती कळलं की पाल आत जाऊन अंडी घालेल म्हणून. त्या भोकातून येणारी हवा हाच स्पीकरचा निम्मा बेस, हे समजावून सांगायला अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी बारीक जाळीवर तडजोड झाली. फडकं काढल्यावर फरक पडला, पण दोन आणे. गवई अजून खोलीबाहेरच.

मग एका रविवारी माळ्यावरून जुना अँप काढला आणि नव्या स्पीकरांना जोडला. तेच. तोच पोकळपणा, तोच पुठ्ठ्याचा डग्गा. म्हणजे नवा अँप निर्दोष, दोष स्पीकरांत, असा मी निकाल लावला आणि ते विकायची जाहिरात मनातल्या मनात लिहायलाही घेतली. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं असं करून बघितलं. तरी तेच. तर्क किती सरळ होता बघा: अँप बदलला, स्पीकरांच्या जागा बदलल्या, तरी दोष आहे तिथंच आहे. मग जे बदललं नाही ते काय? इतकं साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही, कारण वायरीपुढं बरोबरची खूण होती.

उलगडा झाला तो धूळ झाडताना. बायको अँपवरून फडकं फिरवत होती आणि बॅलन्सचं बटण पार डावीकडं गेलं. उजवा स्पीकर बंद. आणि त्याच क्षणी डग्गा आला! खरा, गोल, घुमणारा. मी चहाचा कप खाली ठेवला. "ते बटण तसंच राहू दे," म्हणालो. तिला वाटलं मी ओरडतोय. मग मी उठून ते पार उजवीकडं नेलं. डावा बंद, नुसता उजवा, पुन्हा डग्गा हजर. मधोमध आणलं, दोन्ही चालू केले, डग्गा गायब.

एकट्यानं वाजवला तर भरदार, दोघं मिळून वाजवले तर रिकामं. दोन माणसं एकच हातगाडी ढकलतायत, पण एक पुढून आणि एक मागून, असं झाल्याशिवाय हे होणार नाही. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. ८० हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ चौदा फूट लांब, म्हणजे आमच्या खोलीपेक्षा मोठी. सहा फुटांवरचे दोन स्पीकर तिच्या हिशेबानं एकाच ठिकाणी असल्यासारखे. त्यामुळं खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांच्या लाटा चार बोटांच्या. त्या कुठं भिडतात, कुठं चुकतात, म्हणून तंबोऱ्याची तार ऐकू येते पण तिला जागा नसते. सगळी लक्षणं जुळत होती. फक्त लालला लाल लावलेलं होतं, तेवढंच जुळत नव्हतं.

मग सेलची परीक्षा. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला. अँपच्या मागच्या वायरी सोडवल्या. मुलीला स्पीकरसमोर बसवलं, हातात टॉर्च दिला आणि सांगितलं, उजेड समोरून नको, बाजूनं तिरका मार, म्हणजे पडदा हललेला दिसेल. बोट लावायचं नाही. उजव्या स्पीकरची लाल तार सेलच्या टोपीला, काळी बुडाला. 'टप्' असा बारीक आवाज.

"काय झालं?"

"बाहेर आला."

सोडली, परत लावली. टप्. "बाहेर."

आता डावा. लाल टोपीला, काळी बुडाला. टप्.

"आत गेला, बाबा."

"नीट बघ."

टप्. "आतच गेला." मग ती वैतागून म्हणाली, "तुम्हीच या बघायला, मी सेल धरते." जागा बदलल्या. मी शोकेसला गाल टेकून बघत होतो. काळा पडदा, कडेला टॉर्चची चंदेरी रेघ. टप्, आणि ती रेघ केसभर आत सरकली. मग सेल थेट डाव्या स्पीकरच्या खुंट्यांना लावून बघितला, वायर मध्ये न घेता. बाहेर आला. स्पीकर सरळ होता. उलटी होती ती वायर. लाल म्हणून भिंतीत शिरलेली तार दुसऱ्या टोकाला काळी म्हणून बाहेर पडत होती.

आबा दारात येऊन उभे होते. "घड्याळ का बंद हाय?" मग खाली पसरलेला पसारा बघून म्हणाले, "डावी वायर व्हय? ती उलटी हाय. मी पट्टी लावली होती की तिला."

"कसली पट्टी?"

"जखमंवर लावत्यात ती. डाव्या पेटीच्या टोकाला. 'उलट' म्हणून लिवलं होतं त्यावर. कुठाय?"

पट्टी मीच काढली होती. नवे स्पीकर जोडताना, कळकट दिसत होती म्हणून, ब्लेडनं खरवडून. तिच्यावर निळ्या बॉलपेनाचं काहीतरी पुसट होतं. वाचायची तसदी घेतली नाही. आणि जुन्या पेटीला लाल खुंटीत काळी तार बघून, आबांनी इतकी वर्षं चुकीचं लावलं होतं असं मनात म्हणत, मी ते 'दुरुस्त' केलं होतं.

आबांनी सगळी कथा सांगितली. २००३ साली माळ्याचं काम निघालं तेव्हा सुताराच्या करवतीनं डावी वायर केसिंगपट्टीच्या आत तुटली. जोड मारला तो संध्याकाळी, दिवे गेलेले, मेणबत्तीच्या उजेडात. जोड उलटा बसला. कॅपिंग ठोकून वरून रंगही दिल्यावर गाणं लावलं तेव्हा लक्षात आलं. "परत कोण खोलणार? म्हनून पेटीच्या टोकाला उलटं लावलं. दोन चुका मिळून बरोबर झालं." दोन चुकांतली एक मी निस्तरली आणि सात आठवडे वनवास भोगला.

डाव्या स्पीकरच्या तारा उलट केल्या. लालला काळी, काळ्याला लाल. बघायला विचित्र. मग तपासणीसाठी मुद्दाम केसरबाई केरकरांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. एवढी जुनी मुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. असा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यभागी, हवेत उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर कुठंतरी पाणी मुरतंय. केसरबाई मधोमध आल्या. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी या गावात गवई होते, त्यांच्या या शिष्या. त्यांचा सूर १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात निघाला आणि बिनचूक चाललाय. आमच्या बारा फुटांच्या खोलीत मात्र तो एका पट्टीपायी अडकला होता.

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. दोन दिवसांनी पहाटे साडेपाचला, सगळे झोपलेले असताना, आवाज बारीक करून भैरव लावला. पुन्हा पातळ. रात्री जेवणानंतर मोठ्यानं लावला की छान, पहाटे हळू लावला की रक्त कमी झाल्यासारखा. आता मात्र मी कुणावर खापर फोडायची घाई केली नाही. जुन्या अँपवरचं ते लाल बटण आठवलं.

माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे सूर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून त्याचे आलेख छापले. आवाज जितका लहान, तितका बेस जास्त वाढवून दिला तरच तो कानाला समतोल लागतो. लाऊडनेसचं बटण हेच करायचं. तीस वर्षं आम्ही त्या बटणाच्या आधारानं पहाटेचे राग ऐकले होते. नव्या अँपला ते बटण नाही. वर मी त्याचं 'डायरेक्ट' दाबून ठेवलं होतं. ते दाबलं की बेस-ट्रेबलची बटणं मधून बाद होतात आणि आवाज म्हणे शुद्ध राहतो. त्यात नवे स्पीकर ८५ डेसिबलचे, म्हणजे जरा जड पोटाचे, तेवढ्याच ताकदीत आवाज कमी देणारे. दर तीन डेसिबलला दुप्पट ताकद लागते. जुन्या सवयीनं आवाजाचं बटण नऊच्या काट्यावर ठेवलं की प्रत्यक्षात आवाज पूर्वीपेक्षा बराच बारीक निघायचा. 'डायरेक्ट' बंद केलं, पहाटे बेस दोनच्या काट्यावर. शुद्धतावाद्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं, पहाटेचा भैरव मला अंगभर हवा.

उरली खोली. आमच्या खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवली की मागून 'टर्रर्र' असा बारीक आवाज यायचा, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी टेनिस खेळते तो आवाज. पाच वर्षांपूर्वी शहाबादी काढून व्हिट्रिफाईड टाइल्स घातल्या, त्यानं आणखी भर पडली. उपाय घरातच होता. पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली दोन काळी घोंगडी ट्रंकेत पडून होती. एक मागच्या भिंतीवर, एक बाजूच्या. पहिल्यांदा खिळ्यानं भिंतीला चिकटवूनच टांगलं, तर फक्त चरचर गेली. भिंतीला लागून हवा हलतच नाही, मग तिथलं घोंगडं अडवणार कशाला? सुताराकडून पट्ट्या ठोकून ते भिंतीपासून चार इंच पुढं आणलं आणि टाळी निमूट झाली. पाहुणे विचारतात, भिंतीवर घोंगडं का? आबा सांगतात, "भिंतीला थंडी वाजतीया."

स्पीकर तोवर काचेच्या शोकेसवर होते. डग्गा आला तसे आतले कप किणकिणायला लागले. स्टँड करायचं ठरलं. तयार स्टँड चोवीस इंची मिळतात, ते खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाच्या हिशेबानं. आमच्याकडं गादी-लोडाची बैठक. बसल्यावर माझा कान जमिनीपासून एकतीस इंचांवर येतो. स्पीकरचा ट्वीटर, वरचे सूर काढणारा छोटा पडदा, त्याच्या बुडापासून अकरा इंचांवर. म्हणजे स्टँड वीस इंची हवा. उद्यमनगरातल्या दोस्तानं चौकोनी पाइपला वर-खाली प्लेट वेल्ड करून दिली आणि म्हणाला, "आत वाळू भर, न्हाईतर घंटी होईल." फौंड्रीची वाळू त्याच्याकडं घमेल्यानं पडलेली. "पर कोरडी भर मर्दा. वलसर भरलीस तर आतनं गंजून जाईल." भरल्यावर पाइपला टिचकी मारली तर 'टिंग' ऐवजी 'ठप्'. आता एक स्टँड हलवायला दोन माणसं लागतात.

जागा ठरवायला मात्र मोजपट्टी घेऊन दोन शनिवार गेले. मोकळं मैदान पाहिजे म्हणून मी स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढं आणून ठेवले होते. तिथंच गोम होती. मागं गेलेला आवाज तीन फूट जाऊन तीन फूट परत येतो, सहा फूट उशिरा. बारा फुटांच्या लाटेसाठी ही बरोबर अर्धी लाट, म्हणजे परत आलेला आवाज पुन्हा उलट्या पावलांनी येतो आणि मूळ आवाजाला खातो. बारा फूट म्हणजे साधारण ९४ हर्ट्झ. मोबाईलवरच्या ॲपमध्ये बघितलं तर आमच्या यमनमधला डग्गा त्याच्या अल्याड-पल्याडच बोलत होता. स्पीकर मागं सारून दीड फुटावर आणले. खड्डा १९०च्या आसपास सरकला, तिथं तो कानाला तेवढा बोचत नाही.

मीही बरोबर मधोमध बसत होतो. चौरस खोलीत हे सगळ्यात वाईट. लांबी आणि रुंदी सारखी, त्यामुळं दोन्हीकडची घुमक एकाच सुरावर, ४७ हर्ट्झला, आणि मधोमध ती शून्य. ख्यालाला त्याचं काही बिघडत नाही, पण मुलीच्या गाण्यांतले बेस गिटारचे खालचे सूर तिथंच विरत होते. गादी दोन फूट मागं ओढली. आता दारातून आत येणाऱ्याला पाय ओलांडून यावं लागतं. त्यावर घरात अजून एकमत नाही.

केसिंगपट्टी मी खोललेली नाही. आतला जोड आहे तसाच उलटा आहे. डाव्या टोकाला नवी चिकटपट्टी लावली, आबांनी स्वतः काळ्या मार्करनं 'उलट' लिहिलं आणि खाली तारीख टाकली. घरात सगळ्यांना ताकीद आहे, धूळ झाडा पण पट्टीला हात लावायचा नाही.

परवा आबांना बोलावून तोच यमन पुन्हा लावला. ती कॅसेट त्यांच्या एका दोस्तानं आमच्या गावच्या देवल क्लबातल्या गाण्याच्या बैठकीत पुढं बसून भरून घेतलेली. आबांनी आधी डाव्या स्पीकरवर तळहात ठेवला. डग्ग्याची घुमक हाताला लागली असावी, कारण ते काही न बोलता लोडाला टेकून बसले. विलंबित निम्म्यावर आलं तेव्हा एकदम म्हणाले, "थांबव. मागं घे." मागं घेतलं. "आता ऐक. पंखा."

खरंच, गाण्याच्या खाली एक बारीक घरघर चालू होती. इतक्या वर्षांत ती मी कधी ऐकलेली नव्हती. मग एके ठिकाणी ती हळूहळू उतरत थांबली आणि तंबोरे एकदम जवळ आले.

"त्यो पंखा मी बंद केला होता," आबा म्हणाले. "उठून गेलो. परत आलो तर जागा गेलेली. उभ्यानंच ऐकलं मग, शेवटपर्यंत."